डावं माप, उजवं माप

पेंटरनं शेवटची भिंत रंगवली त्याला बरीच वर्षं झाली, पण लोकांची हाक काही बदलली नाही. बायकोसुद्धा रागावली की त्याला "अहो पेंटर" म्हणते. एकेकाळी नदीच्या पुलापासून बाजाराच्या टोकापर्यंत जेवढ्या पाट्या होत्या, तेवढ्या त्याच्या हातच्या. दवाखान्याची पाटी शांत. सायकलच्या दुकानाची जरा तिरकी, उतारावर सोडून दिल्यासारखी. शाळेच्या भिंतीवरची अक्षरं अशी सरळ की त्यांच्याकडे बघून मास्तरांनीही पाठ ताठ करावी. काम हळू करायचा. तो रंग ढवळत बसायचा तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणी अर्धी पाटी उरकली असती. गिऱ्हाइकानं घाई केली की कुंचला डब्यावर आडवा ठेवायचा आणि म्हणायचा, "तुम्ही रंगवा. मी बघतो." मग गिऱ्हाईक गप्प.

पुढे छापील फलक आले. यंत्रातून सरसर निघणारे, चकचकीत, वर मालकाचा फोटो. पेंटरचे डबे वाळले, कुंचल्यांचे केस काठीसारखे झाले. तो घरी बसून राहिला. बायको म्हणाली, "माश्याच मारायच्या असतील तर निदान स्वयंपाकघरातल्या मारा."

एक दिवस सायकलवाल्यानं त्याला मोठ्या ऐटीत आपली वेबसाइट दाखवली. पेंटरनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. पिवळ्यावर पांढरं लिहिलेलं. त्याला दुखल्यासारखं झालं.

"ही कुणी काढली?"

"काढली कुणी नाही. आयती मिळतात."

"आणि ती नीट करता येत नाहीत?"

"येत असतील. ज्याला येतं त्याला."

हे शेवटचं वाक्य पेंटरच्या जिव्हारी लागलं. त्यानं एक जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि त्याच्यापुढे बसला. शिकवायला कुणी नव्हतं. वाचायचा, करून बघायचा, बिघडवायचा, निस्तरायचा. मानी माणूस, विचारायला कुणाकडे गेला नाही. हळूहळू त्याला कळत गेलं, की वेबसाइटमध्ये मजकूर आणि चित्रं एकीकडे ठेवलेली असतात आणि त्यांनी दिसायचं कसं हे दुसरीकडे. दिसण्याच्या त्या आयत्या कपड्याला थीम म्हणतात. थीममध्ये एक फाइल रंगरूपाची असते, एक वागण्याची. पहिली सांगते अक्षर केवढं, रंग कुठला. दुसरी सांगते अमुक बटण दाबलं की काय घडायचं. पेंटरला ही गोष्ट लगेच पटली. दूरच्या कुणीतरी रंगवून ठेवलेली भिंत आहे आणि आपण तिच्यावर आपलं काम करायचं. भिंती तर त्याच्या ओळखीच्या होत्या.

तो ठिकठिकाणी एक सूचना वाचत असे. मूळ थीमला हात लावू नका. तिच्यावर बसणारी दुसरी, छोटी, रिकामी थीम बनवा. तिला चाइल्ड थीम म्हणतात. जे काय बदलायचं ते तिच्यात बदला. पेंटर हसला होता. समोर चांगली भिंत असताना तिच्यावर कागद चिकटवून कागदावर कोण रंगवतं? त्यानं जन्मभर थेट भिंतीवर हात चालवला होता. चुकलं तर कापूस टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसायचा आणि पुन्हा काढायचा. भिंतीची नक्कल घरी नेऊन कुणी ठेवत नाही.

सायकलवाल्याची साइट त्यानं सुधारली, मग औषधवाल्याची, मग एका गाणं शिकवणाऱ्या बाईंची. आणि मग आक्काची.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. ती जोडे शिवते. साधे नाहीत. ज्यांचे दोन पाय एका मापाचे नाहीत अशा माणसांचे. कुणाचा एक पाय लहानपणीच्या आजारात आखडलेला असतो, कुणाचा अपघातानंतर सुजलेला राहतो, कुणाची टाच वाकडी असते. हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. त्यांच्यामागे तिनं ते सोडलं नाही. नवरा गेला तेव्हाही सोडलं नाही. घरामागे पत्र्याच्या छपराची लांबट खोली आहे. आत चामड्याचा आणि खळीचा वास. भिंतीवर दोरीला लाकडी पावलं टांगलेली. कलबूत म्हणतात त्यांना. त्यांच्यावर चढवूनच जोडा शिवायचा. दुसऱ्यांकडे कलबुतांच्या जोड्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. आक्काकडच्या जोडीतलं एक नेहमी दुसऱ्यापेक्षा वेगळं.

आक्काला साइट हवी होती ती एका कारणासाठी. तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या पायाच्या डॉक्टर मॅडमनी तिचे जोडे पाहिले होते. त्यांनी सांगितलं, "माझे सगळे पेशंट तुमच्याकडे पाठवते. पण ते लांबलांबचे आहेत, चालता न येणारे. घरबसल्या माप देऊन ऑर्डर देता आली पाहिजे. मी एक पेशंट घेऊन येते आणि त्याला करून बघायला सांगते. जमलं तर तुमच्याकडे, नाहीतर कारखान्याकडे." आक्काचा मुलगा ट्रक चालवतो. त्याचं म्हणणं असं, की या खोलीला आता कुलूप लावावं, शिवायचं मशीन विकावं आणि सगळ्यांनी शहरात त्याच्या डेपोजवळ राहायला जावं. मॅडमचं काम मिळालं तर खोली राहणार होती, नाही मिळालं तर दिवाळं निघण्यापेक्षा कुलूप बरं, याला आक्कानंही मान डोलावली होती. मान डोलावली, पण त्या दिवसापासून ती कलबुतं पुसताना जरा जास्त वेळ घ्यायला लागली.

तर पेंटरनं साइट केली. दुकानाची एक आयती थीम घेतली. तिच्यात मापासाठी एकच चौकट होती, कारण जगातले सगळे दुकानदार धरून चालतात की माणसाचे दोन्ही पाय सारखे. पेंटरनं ती चौकट काढून टाकली आणि तिथं दोन केल्या. डावा. उजवा. वागण्याच्या फाइलमध्ये कित्येक आठवडे झगडून त्यानं ते बसवलं. आणि आकाशी व काळा मिसळून जो निळा तो जुन्या पाट्यांना वापरायचा, तो पडद्यावर हुबेहूब उतरवला. सगळं थेट भिंतीवर.

मॅडम यायच्या त्या दिवशी सकाळी पेंटर चहा घेत होता. आक्काच्या सुनेचा फोन आला. ऑर्डरी बघणं, जोड्यांचे फोटो काढणं हे सगळं ती करते.

"मामा, जरा येता का?"

"काय झालं?"

"काही नाही. या तुम्ही."

तिनं 'काही नाही' म्हटलं तसा पेंटरनं कप खाली ठेवला. बायको म्हणाली, "अर्धा तसाच आहे." तोवर तो फाटकाबाहेर. रस्त्यात न्हाव्यानं वस्तरा हवेत धरून विचारलं, "पेंटर, आग लागली का कुठं?" पेंटरला इतक्या झपाट्यानं चालताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

खोलीत आक्का मान खाली घालून शिवत होती. सून दाराशी उभी, हातात फोन, चेहरा उतरलेला.

"दाखव."

तिनं फोन पुढे केला. पेंटरचा निळा नव्हता. सगळीकडे फिकट गुलाबी पसरला होता. अक्षरं काडीसारखी. त्यानं जोड्याच्या पानावर बोट ठेवलं. चौकट एकच. 'माप निवडा.'

आक्कानं मान वर केली. "काय रे, बाळाच्या दुपट्यासारखं गुलाबी का झालंय ते?"

पेंटरनं सुनेकडे बघितलं. "काय दाबलंस?"

"कोपऱ्यात लाल ठिपका होता." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "थीमची नवी आवृत्ती आली आहे, असं लिहिलं होतं. म्हटलं, आज मॅडम येणार, सगळं कसं ताजं असावं. दाबलं."

"दाबलंस?" आक्कानं चामडं टोचायची आरी खाली ठेवली. "दारावरची घंटा आहे का ती, येता-जाता दाबायला? आजच सुचलं तुला? दुपारी ती बाई येऊन उभी राहील. काय सांगू तिला, एकच पाय घेऊन या म्हणून?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

पेंटरला तोवर सगळं कळलं होतं. ज्या दूरच्या माणसाची ती भिंत, त्यानं तिला रंगाचा नवा हात दिला होता आणि खालचं सगळं झाकून टाकलं होतं. त्याची भिंत, त्याचा हक्क. असंच होतं, हे त्या सूचनेत शंभरदा लिहिलेलं होतं आणि शंभरदा तो हसला होता. क्षणभर त्याच्या मनात आलं, की आक्का पोरीला बोलते आहे तर बोलू द्यावं. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आक्का, तिला काही बोलू नकोस. ते बटण दाबायलाच असतं. तिनं दाबलं नसतं तर उद्या आणखी कुणी दाबलं असतं. मी रंगवलं ते चुकीच्या जागी रंगवलं."

"तू चुकलास?" आक्कानं त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही तो उलटा चालत आला आहे. "हे तुझ्या तोंडून ऐकायला मला म्हातारी व्हावं लागलं."

"ऐकलंस ना? मग झालं."

"झालं काय? आणि आलेल्या ऑर्डरींचं काय? ती पुलापलीकडची बाई, तिचा डावा पाय केवढा, मला काय तोंडपाठ आहे? कातडं कापून ठेवलंय मी."

हा प्रश्न खरा होता. पेंटर खोलीतल्या जुन्या लाकडी स्टुलावर बसला, आपला लॅपटॉप मांडीवर घेतला आणि आतल्या बाजूनं साइट उघडली. आलेल्या ऑर्डरींवर गेला. पहिली उघडली. डावा इतका, उजवा इतका. दुसरी. तिसरी. सगळ्या जागच्या जागी. मजकूर एकीकडे, कपडा दुसरीकडे. कपडा बदलला म्हणून आतला माणूस गेला नव्हता. हे त्याला पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं आणि डोळ्यांनी दिसणं वेगळं.

"आहेत," तो म्हणाला.

"सगळ्या?"

"सगळ्या. पुलापलीकडची पण."

आक्कानं आरी पुन्हा हातात घेतली. सुनेनं पदराच्या टोकानं नाक पुसलं.

"मग राहिलं काय?" आक्का म्हणाली.

"राहिलं ते माझं. रंगरूप आणि वागणं. दोन्ही पुन्हा करायचं."

"दुपारपर्यंत?"

रंगरूपाला पेंटरनं पहिल्यांदा बरेच दिवस घेतले होते. कुठली ओळ किती जाड, कुठल्या अक्षराला किती मोकळी जागा, हे त्यानं नजरेनं ठरवलेलं, कुठं लिहिलेलं नव्हतं.

"तुझा तो निळा मला फार आवडतो," आक्का शिवता शिवता म्हणाली. "म्हणून मी ते पान कधी बंदच करत नाही. माझ्या डब्यात कायम उघडं असतं. एकदा बंद केलं आणि पुन्हा उघडलंच नाही तर?"

खोलीच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. धूळ बसू नये म्हणून त्यावर फडकं घातलेलं. आक्का त्याला डबा म्हणायची. पेंटर उठला. फडकं काढलं. पडदा उजळला आणि तिथं होता त्याचा निळा. दोन चौकटी. डावा. उजवा. अपडेटच्या आधी उघडलेलं पान, तसंच बसून राहिलेलं.

"थांब, ताजं करून देते तुला," असं म्हणत आक्का पुढे झाली आणि तिचं बोट बटणाकडे गेलं.

"आक्का! हात लावू नकोस!"

पेंटर ओरडला. तो कधी ओरडत नाही. आक्का बोट हवेत धरून पुतळ्यासारखी उभी राहिली. दाराशी उभ्या सुनेला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदा.

"तू हस," आक्का तिला म्हणाली. "तुला घंटा म्हणून बोलले, आणि आता मीच वाजवायला निघाले होते." आणि तिनं बोट हळूच खाली घेतलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं.

पेंटरनं त्या उघड्या पानाच्या पोटात डोकावलं. रंगरूपाची फाइल तिथं अख्खी होती. प्रत्येक ओळ, प्रत्येक जाडी, त्याचा निळा. त्यानं ती उचलून आपल्याकडे घेतली. मग त्यानं ती गोष्ट केली जी त्यानं पहिल्याच दिवशी करायला हवी होती. चाइल्ड थीम बनवली. छोटी, रिकामी, मूळ थीमवर बसणारी.

"हिला नाव द्यावं लागतं," तो म्हणाला.

"आपल्यात रंगाच्या थराला काय म्हणायचास तू?" आक्कानं विचारलं. "पहिला हात, दुसरा हात."

पेंटरनं नाव टाकलं: वरचा हात. खालचा कुणाचाही असो, त्यानं तो हवा तेव्हा बदलावा. वरचा आपला. निळा जागेवर आला. गुलाबी गेला. सून टाचा उंचावून मागून बघत होती. ती म्हणाली, "आलं!"

"निम्मं आलं," पेंटर म्हणाला.

वागण्याची फाइल त्या उघड्या पानात नव्हती. ती पडद्यामागे असते, बघणाऱ्याला दिसत नाही. पेंटरनं बोटं ठेवली आणि थांबला. पुढे काही सुचेना. चौकटी दोन दाखवायच्या, हे ठीक. पण मग काय? ज्या ओळी त्यानं आठवडे घालून जोडल्या होत्या त्या डोक्यात नुसत्या गरगरत होत्या, एकही रांगेत उभी राहत नव्हती. बाहेर ऊन वर चढत होतं.

आक्का थोडा वेळ बघत राहिली. मग उठली, मापाची फीत गळ्यात टाकली आणि सुनेला म्हणाली, "बस इथं. पाय दे."

"आई?"

"पाय दे म्हटलं. हा पहिल्यांदा हे लिहायला बसला तेव्हा असाच अडला होता. मग मी माप घेत होते आणि हा माझ्याकडे बघून लिहीत होता. आठवतं का रे?"

पेंटरला आठवलं. तो सरसावून बसला.

सून संकोचली. "अहो आई, तुम्ही माझे पाय धरणार?"

"पाय म्हणजे पाय. माझा धंदा आहे तो. बस गुपचूप."

सून बसली. आक्का खाली मांडी घालून बसली आणि तिनं आधी डावा पाय हातात घेतला. आधी डावाच, नेहमी. फीत टाचेपासून अंगठ्यापर्यंत. मग चवड्याभोवती. मग तिनं तो खाली ठेवला आणि उजवा घेतला. "दुसरा सारखाच असेल म्हणून सोडून द्यायचा नाही," ती नेहमीसारखं पुटपुटली. "तो मुळात दुसरा माणूस आहे असं धरायचं." पेंटरची बोटं हलली. डाव्याची चौकट, तिचं वेगळं उत्तर. उजव्याची चौकट, तिचं वेगळं.

"दोन्ही घेतलीत का?" आक्कानं स्वतःलाच विचारलं. एक माप राहिलं असेल तर ती पुढचं काम धरत नाही. पेंटरनं लिहिलं: एक जरी रिकामं असेल, तर पुढे जाऊ द्यायचं नाही. मग आक्कानं दोन्ही मापं एका चिठ्ठीवर लिहिली, चिठ्ठी दोन कलबुतांना एकत्र बांधली आणि दोरीला टांगली. दोन्ही मापं एकत्र, एकमेकांना सोडून कुठं जायची नाहीत, साइटवरच्या खरेदीच्या पिशवीपासून ऑर्डरीपर्यंत. पेंटरनं तेही लिहिलं. आता ओळी आपोआप येत होत्या. पहिल्यांदा जिथं त्यानं वळसे घालून घालून गाठी मारल्या होत्या, तिथं या वेळी सरळ दोरा गेला.

"अगं," आक्का एकदम म्हणाली. फीत तिनं पुन्हा लावली. "तुझा डावा मोठा आहे."

"हो का?"

"हो का काय! चांगला मोठा आहे. कधी बोलली नाहीस?"

"मला वाटायचं चप्पलच वाईट असते," सून म्हणाली. "डावी नेहमी चावते."

"माझ्या घरात राहून," आक्का म्हणाली आणि फीत गुंडाळायला लागली. मग कडक आवाजात म्हणाली, "उद्यापासून तुझ्या कलबुताला हात घालते. जोडे कुठल्या रंगाचे हवेत ते सांग, आणि गुलाबी म्हणू नकोस."

पेंटरनं शेवटची ओळ टाकली. साइट उघडली. एक चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं. साइटनं अडवलं: उजव्या पायाचं माप राहिलं आहे. तो हसला. इतकं स्वच्छ की आक्कानं त्याला लहानपणानंतर असं हसताना बघितलं नव्हतं.

दुपारी डॉक्टर मॅडम आल्या. त्यांच्याबरोबर एक गवंडी होता, बांधकामाच्या परांचीवरून पडून ज्याचा एक पाय आखडला होता तो. त्यानं आपला फोन काढला. त्याची बोटं सिमेंटनं खरखरीत झालेली, पडदा एकदा दाबून ऐकत नव्हता. पेंटर भिंतीला टेकून उभा होता, हात पाठीमागे, एकमेकांत अडकवलेले.

"इथं दोनदा का विचारतंय?" गवंड्यानं विचारलं.

"तुम्हाला पाय किती आहेत?" आक्का म्हणाली.

"दोन."

"म्हणून."

गवंडी हसला. मॅडमही हसल्या. त्यानं डावं माप भरलं, आपल्या आखडलेल्या पायाकडे जरा बघितलं आणि उजवंही भरलं. "म्हणजे आता दोन जोड घेऊन त्यातले दोन फेकायचे नाहीत?" तो म्हणाला. "इतकी वर्षं मी तेच करतोय. माझ्या घरी एक पोतं आहे उरलेल्या जोड्यांचं. त्यातला एकही जोड जुळत नाही." त्यानं बटण दाबलं. आक्काच्या डब्यातून टिंग असा आवाज आला. सूनबाई धावली, पडद्यावर वाकली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. डावा एक, उजवा वेगळा, दोन्ही एका चिठ्ठीवर.

डॉक्टर मॅडमनी फोन आपल्या हातात घेतला, पान वर-खाली केलं.

"हा निळा छान आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना त्रास होत नाही. माझ्या म्हाताऱ्या पेशंटना वाचता येईल." मग आक्काकडे वळल्या. "पुढच्या आठवड्यापासून मी सगळ्यांना हाच पत्ता देणार. कारखान्याला आजच कळवते, नको म्हणून."

आक्कानं मान डोलावली. या वेळी डोलावली ती वेगळी. तिनं मशीनवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. सकाळी काय घडलं ते कुणी मॅडमना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

संध्याकाळी पेंटर घरी गेला तो नेहमीच्या चालीनं. न्हावी म्हणाला, "विझली का आग?" पेंटर म्हणाला, "विझली." बायकोनं ताट वाढलं. तो जेवता जेवता बोलतच राहिला, गुलाबीपासून गवंड्याच्या पोत्यापर्यंत. ती म्हणाली, "आज पाटीवरची अक्षरं बोलायला लागली म्हणायची." आणि सकाळचा अर्धा राहिलेला चहा तिनं त्याच्यापुढे नवा करून ठेवला.

पुढे काही दिवसांनी, मशीनचा आवाज आणि दवाखान्याच्या ऑर्डरी दोन्ही जोरात सुरू असताना, पेंटर सहज खोलीत आला होता. सून डब्यापुढे बसली होती. तिच्या पायांत नवे जोडे होते, गडद तपकिरी, डावा जरासा मोठा, पण मुद्दाम बघितल्याशिवाय कळणार नाही असा. ती एकाएकी ताठ झाली.

"मामा."

"काय?"

"लाल ठिपका आलाय."

आक्कानं मशीन थांबवलं. खोलीत नुसता पत्रा तापल्याचा कुरकुर आवाज राहिला. पेंटर जवळ गेला आणि ठिपक्याकडे बघितलं. नुकतीच रंगवलेली भिंत पावसात उभी असल्यावर जसं वाटायचं, तसं त्याला आत कुठंतरी वाटलं. तरीही त्यानं स्टूल ओढून घेतलं आणि तिच्या शेजारी बसला.

"दाब," तो म्हणाला.

"मी?"

"तूच. ते दाबायलाच असतं."

सुनेनं डोळे मिटले आणि दाबलं. आक्का कलबूत छातीशी धरून उभी होती. एक पट्टी पडद्यावर भरत गेली. मग सुनेनं एक डोळा उघडला, मग दुसरा.

निळा होता. डावा होता. उजवा होता.

"शिवायला लागा हो कुणीतरी," आक्का म्हणाली, आणि स्वतःच मशीनवर जाऊन बसली.